फोनच्या पडद्यावर न मावणारा मेनू: माझा अनुभव

गुहागरजवळ आमच्या नात्यातील एका कुटुंबाचे घरगुती निवास आहे. त्याचे छोटेसे संकेतस्थळ मी पिको सीएसएस हे हलके फ्रेमवर्क (पानाच्या रूपाचे तयार नियम) घेऊन तयार केले, कारण किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी मोबाइलची रेंज जेमतेम असते आणि पिकोला जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत उतरवावा लागणारा जादा प्रोग्राम, लागत नाही. मेनूसाठीच्या नॅव्ह (nav) या एचटीएमएल घटकात दुव्यांच्या दोन यूएल (ul) याद्या ठेवल्या की पहिली डावीकडे आणि दुसरी उजवीकडे आपोआप जाते. लॅपटॉपवरचे काम त्यामुळे लगेच उरकले.

फोनवर मात्र मेनूची दशा पाहवेना. ‘खोल्या व दर’ हे तीन शब्द एकाखाली एक उभे राहिले, ‘आसपासची ठिकाणे’ने निम्मी जागा अडवली आणि ज्यासाठी एवढा खटाटोप, ती ‘नोंदणी’ पडद्याबाहेर गेली. ज्याला विचारावे तो सांगे, ‘मोठे फ्रेमवर्क घ्या आणि तीन रेघांच्या बटणामागे मेनू लपवा.’ मोजक्या पानांसाठी एवढा डोलारा कशाला, हे मला अजूनही पटलेले नाही; शिवाय येणाऱ्या पाहुण्यांत वयस्कर मंडळी बरीच, त्यांना त्या रेघांचा अर्थ कोणी सांगायचा?

खरे कारण असे की नॅव्ह आणि त्यातील यूएल हे दोन्ही फ्लेक्स (घटक ओळीने मांडणारी सीएसएसची पद्धत) असतात, आणि वेगळे सांगितल्याशिवाय फ्लेक्स सर्व काही एकाच ओळीत बसवतो. जागा कमी पडली की प्रत्येक दुवा आपल्या सर्वांत लांब शब्दाच्या रुंदीपर्यंत आक्रसतो आणि तरीही न मावल्यास ओळ पडद्याबाहेर वाहते. नुसत्या नॅव्हला फ्लेक्स-रॅप (न मावणारे पुढच्या ओळीत नेणारा नियम) दिल्यास दुसरी यादी खाली उतरते खरी, पण तिच्या आतले दुवे तसेच दाटीने उभे राहतात. म्हणून रॅप हे मूल्य नॅव्ह आणि यूएल या दोघांनाही द्यावे आणि दुव्यांना व्हाइट-स्पेसचे नोरॅप द्यावे, म्हणजे एका दुव्यातले शब्द वेगवेगळ्या ओळींत तुटत नाहीत. एवढे झाल्यावरही खाली आलेली यादी किंचित आत सरकलेली दिसत होती, कारण पिको डावीकडचा ऋण समास (यादीला बाहेरच्या बाजूस ओढणारे उणे अंतर) पहिल्याच यादीला देते. अरुंद पडद्यापुरता तो दुसरीलाही दिल्यावर दोन्ही ओळी एका रेषेत आल्या आणि माझे मन शांत झाले.

हे सर्व करण्याआधी पानात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत मांडायला सांगणारी ओळ) असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर फोन पान आक्रसून दाखवतो आणि दोष दिसतच नाही. ‘कसे यावे’ खाली चिपळूण स्थानकाकडून येणारा रस्ता आणि दाभोळ–धोपावे फेरीबोट अशी दोन पाने होती. ती डिटेल्स (details) या उघडझाप होणाऱ्या घटकाला ड्रॉपडाउन हा क्लास देऊन मेनूतच बसली. चालू पानाच्या दुव्याला एरिया-करंट (aria-current) हे गुणविशेष अवश्य लावावे: त्याने रंग बदलतो, आणि पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही आपण कोणत्या पानावर आहोत हे ऐकू येते.