जुना पीसी चालू होत नाही? आधी स्विचवरचा हात काढा

पंधरा-वीस वर्षं अडगळीत पडलेला 286, 386 किंवा 486 प्रोसेसरचा पीसी बाहेर काढला की हात आधी स्विचकडे जातो. नेमकं तेच करू नका. धडधाकट मशीनसुद्धा त्या पहिल्या स्विचला जाऊ शकतं. आणि मशीन आधीच बंद असेल तर दोष बहुतेक वेळा प्रोसेसरच्या अलीकडे, विजेच्या वाटेवरच सापडतो. त्यामुळे रॅम बदलून बघण्यात सुरुवातीचे दोन तास घालवायचं कारण नाही.

केस उघडून पहिल्यांदा बॅटरी बघा. बऱ्याच मदरबोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपाच्या आकाराची, 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. तिच्या टोकांशी हिरवट-पांढरी पूड जमली असेल तर ती गळली आहे. गळलेली नसली तरी कापून काढा, कधीतरी गळणारच. बॅटरीवाचून अशी मशीन सहसा चालू होतात, फक्त तारीख आणि सेटिंग विसरतात. गळलेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून तिथे पांढरं व्हिनेगर चालतं: जुन्या टूथब्रशने घासा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि बोर्ड एक दिवस वाळू द्या. त्यानंतर भिंग घेऊन बसा. काळपट दिसणारा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) वरून अखंड वाटतो, पण मल्टिमीटरचा बझर वाजत नाही. तुटलेल्या जागी बारीक वायर सोल्डर करावी लागते. रॅमच्या आणि कार्डांच्या स्लॉटमधल्या पट्ट्याही तपासा. द्रव तिथपर्यंत ओघळतो.

आता पॉवर सप्लाय. एटी जातीच्या (त्या काळच्या साच्याच्या) मशीनमध्ये समोरच्या मोठ्या स्विचपर्यंत थेट मेन्सची वीज येते, चार वायरींमधून. तिथे हात घालण्याआधी प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. सप्लाय उघडणार असाल तर आतल्या मोठ्या कपॅसिटरांवर 300 व्होल्टच्या वर डीसी साठलेला असू शकतो. मीटरने मोजल्याशिवाय बोट लावू नका. मेन्सच्या तोंडाशी पिवळसर, पारदर्शक आवरणाचा, तडे गेलेला कपॅसिटर दिसला तर तो रिफाचा कागदी असण्याची शक्यता मोठी. तड्यांतून कागदात दमटपणा शिरतो आणि वीज मिळाली की तो धूर सोडतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा एक्स-2 वर्गाचा (मेन्सवर लावण्यासाठीचा) कपॅसिटर बसवा. मागची 115/230ची सरकपट्टी योग्य बाजूला आहे ना, हेही बघा.

सप्लाय बोर्डापासून सोडवून तपासायचा असेल तर त्याला भार द्या. यातले पुष्कळ सप्लाय रिकामे चालूच होत नाहीत आणि विनाकारण बाद ठरवले जातात. +5च्या वायरीवर गाडीचा 12 व्होल्ट 21 वॅटचा दिवा जोडला तरी साधारण एक अँपिअर भार मिळतो. लाल वायरीवर 4.75 ते 5.25, पिवळीवर 11.4 ते 12.6 व्होल्ट हवेत. नारिंगी वायर विसरू नका: ती ‘पॉवर गुड’. बाकीचे व्होल्टेज स्थिर झाले की तिच्यावर अर्ध्याएक सेकंदात 5 व्होल्टच्या आसपास यायला हवेत. ती आली नाही तर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. पंखा फिरतो, पुढे काहीच होत नाही, आणि शिव्या मात्र प्रोसेसरला बसतात.

सप्लाय एकटा चालतो, पण बोर्ड जोडल्यावर पंखा नुसता हलून थांबतो? मग बोर्डावर शॉर्ट आहे. बोर्ड सोडवून +12 आणि ग्राउंडमध्ये ओहम मोजा. आकडा शून्याजवळ आला तर टँटलम कपॅसिटरवर संशय घ्या. हे थेंबासारखे, पिवळे किंवा केशरी दिसतात आणि +12च्या वाटेवर हमखास शॉर्ट होतात. आधी सगळी कार्डं काढून पुन्हा मोजा, शॉर्ट कार्डावरचाही असतो. बदलताना 16 व्होल्टच्या जागी 25 व्होल्टचा घ्या. टँटलमवरची खूण धन टोकाची असते. साध्या इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी ऋण टोकाची. इथे गल्लत झाली तर नवा कपॅसिटरही फटकन जातो.

सप्लायकडून बोर्डाला येणारे पी-8 आणि पी-9 हे दोन प्लग परत जोडताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्डच जातो.

वीज ठीक असेल तर बोर्डावर प्रोसेसर, थोडी रॅम, व्हिडिओ कार्ड आणि स्पीकर एवढंच ठेवा. स्पीकर हवाच, त्याच्याशिवाय मशीन तुमच्याशी बोलणार कसं? 30 पिनांचे सिम (रॅमच्या पट्ट्या) 486ला चारच्या संचात लागतात, 286 आणि 386 एसएक्सला दोनच्या. तीन बसवून ‘रॅम लागत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. कार्डांची टोकं खोडरबराने पुसा, सॉकेटमधल्या चिप अंगठ्याने दाबून बसवा. गरम-थंड होऊन त्या हळूहळू वर सरकतात.

एएमआय कंपनीचा बायोस (मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्राम) असेल तर बीप मोजा. तीन म्हणजे सुरुवातीची 64 केबी मेमरी, आठ म्हणजे व्हिडिओ कार्डाची मेमरी. एकही बीप नसेल तर 80एच पोर्टचं पोस्ट कार्ड (सुरुवातीच्या तपासणीचे आकडे दाखवणारं कार्ड) लावा. त्यावर आकडे अजिबात बदलत नसतील तर प्रोसेसर बायोस वाचतच नाही: बायोसची चिप, क्लॉक (प्रोसेसरला ठेका देणारा सिग्नल) आणि जंपर (सेटिंगच्या पिनांवरच्या छोट्या टोप्या) बघा. आणि सहा बीप आले तर तो कीबोर्ड कंट्रोलर. त्याची चिप बदलण्याआधी पुन्हा बॅटरीच्या जागेपाशी या, कारण बऱ्याच बोर्डांवर त्याचे ट्रॅक तिथूनच जातात.