डॉक्टरची सुपरिटेंडेंट झाले, आणि पहिली लढाई डिस्चार्जची

एमडी मेडिसिन केल्यावर इतकी वर्षं ओपीडी आणि आयसीयू एवढंच माझं जग, मग ट्रस्टींनी मेडिकल सुपरिटेंडेंट व्हा म्हणून गळ घातली आणि मी हो म्हटलं. रोस्टर कसं लावायचं, बजेट कसं वाचायचं हे आपल्याला एमबीबीएसला शिकवत नाहीत की एमडीला नाही. देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) त्याची वेगळी डिग्री आहे, पण प्रॅक्टिस सोडून जाणं शक्य नव्हतं, सो जे शिकले ते वॉर्डातच.

टेबलावर पहिली तक्रार आली ती डिस्चार्जची. सकाळच्या राउंडला "आज घरी जा" सांगायचं आणि पेशंट बाहेर पडणार संध्याकाळी, म्हणजे ऐन गर्दीत टाके घातलेला माणूस घेऊन बदलापूर लोकल! सगळे टीपीएच्या, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या, नावाने बोटं मोडायचे. आता विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्येच सांगितलंय की कॅशलेस क्लेमची फायनल मंजुरी ३ तासांत द्यायची, पण ते ३ तास आपली रिक्वेस्ट गेल्यापासून ना, मग आपली जाते कधी? हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचसाठी डिस्चार्जचा वेळ आम्ही मोजत होतोच, पण महिन्याची सरासरी काढायची आणि फाईलला लावायची, त्यातून वेळ कुठे जातो ते कसं कळणार.

म्हणून एक दिवस ओपीडी कमी ठेवून एका फाईलच्याच मागे फिरले. डिस्चार्ज समरी लिहायची म्हणून ती नर्सिंग स्टेशनवर बीपीच्या मशीनखाली पडून, कारण आरएमओ, म्हणजे वॉर्डचा ड्युटी डॉक्टर, कॅज्युअल्टीत अडकलेला. मग उरलेली औषधं फार्मसीला परत. मग वॉर्डबॉय मामा चार-पाच फायली जमेपर्यंत खाली जाईना, आणि त्याचं बरोबरच होतं, लिफ्टला लाईन बघा एकदा. इन्शुरन्सकडे जायच्या आतच दुपार झाली.

यावर उपाय इन्चार्ज सिस्टरकडे तयार होता, उद्याचे डिस्चार्ज आदल्या संध्याकाळीच ठरवायचे, समरीचा ड्राफ्ट आणि औषधांचं रिटर्न रात्रीच. "मॅडम, आम्ही कधीपासून म्हणतोय, विचारतं कोण?"

खरी कसरत कन्सल्टंट्सची. पेशंटला गोळी लिहून दिली की तो घेतो, पण हे कन्सल्टंट आपले नोकर थोडेच आहेत, जास्त ताणलं तर पेशंट दुसरीकडे नेतील. त्यात सर्जरीचे सर म्हणजे मला शिकवलेले. त्यांना मीटिंगमध्ये काही बोलले नाही, केबिनमध्ये जाऊन फक्त त्यांच्याच पेशंटच्या वेळा समोर ठेवल्या. बराच वेळ कागद बघत बसले, मग म्हणाले, "अगं, मला वाटायचं माझे पेशंट बाराला जातात." पुढच्या आठवड्यापासून त्यांची यादी संध्याकाळी यायला लागली, आणि सर देतात म्हटल्यावर बाकीचेही द्यायला लागले.

आता बरेचसे पेशंट जेवणाच्या वेळेपर्यंत सुटतात. रविवारचं मात्र अजून जमलेलं नाही, बिलिंगला एकच माणूस, दुसरा मागितला की ट्रस्टी म्हणतात आकडे दाखवा, त्यामुळे सध्या स्टेथोस्कोप बाजूला आणि डोकं एक्सेलमध्ये.