गाडी चार्जरवर असतानाच गार करा

आज भर दुपारी आईला घेऊन नागपूरहून वर्ध्याला आलो. बाहेर ४४ अंश. तरी बॅटरीची धाकधूक नव्हती, कारण गाडी घरी चार्जरवर असतानाच मोबाइलवरून एसी लावून ठेवला होता.

हे आमच्याकडच्या ईव्हीवाल्यांनी (इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी) खरंच करून बघावं. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड, सीट, छत सगळं तापलेलं असतं, आणि ते गार करतानाच एसी सर्वांत जास्त वीज खातो. एकदा गाडी निवली की गारवा टिकवायला बरीच कमी वीज पुरते. तो पहिला भार घरच्या विजेवर गेला की तेवढी रेंज, म्हणजे एका चार्जवर जाता येणारं अंतर, वाचते.

आईला पुढे बसवलं, कारण पुढच्या सीटमध्ये हवा खेळवणारा पंखा आहे. अंगाला थेट गारवा मिळतो, मग अख्खी केबिन फ्रिजसारखी करावी लागत नाही. एसी २५ वर, आतलीच हवा फिरती. बुटीबोरी ओलांडल्यावर आईने चक्क शाल मागितली!

नॉर्वेसारख्या थंड देशात प्रश्न उलटा. तिथे साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, म्हणून फार कडाका नसेल तर तेवढ्याच विजेत दोन-तीन युनिटं मिळतात.

आपल्याकडे मात्र पंख्याच्या सीट बहुतेक महागड्या मॉडेललाच मिळतात. विदर्भ-मराठवाड्यासाठी तरी कंपन्यांनी त्या स्वस्त मॉडेललाही द्याव्यात, मागच्या सीटसकट.