घमेल्यातली दरड

पत्रात एवढंच होतं, की लेण्यावरची मोठी शिळा धोकादायक वाटते, पाहणी करून अहवाल द्यावा. लेण्याचं नाव लिहीत नाही. नाव फुटलं की शिळेखाली उभं राहून रील काढणारे आधी पोचतील. रायगड जिल्ह्यातली एक खाडी, समोर खाजण, पाठीशी डोंगर, एवढं पुरे.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, पायऱ्यांवरचं शेवाळ अजून ओलं. शिळा खरंच दचकवणारी, अर्ध्या एसटीएवढी, ओसरीवर डोकं काढून बसलेली. मी दोर लावून वर गेले आणि दीड तास तिच्यामागच्या भेगा मोजत बसले. किती रुंद, किती लांब, कुठल्या दिशेला किती अंशांनी कललेल्या. मुख्य भेग डोंगराच्या पोटात उतरत होती, म्हणजे शिळेचा भार डोंगरावरच टेकलेला. भेगेत जुनी माती घट्ट बसलेली, ताजा चरा कुठेच नाही.

"तो नाय पडायचा मॅडम," खालून राखणदार मामा ओरडले. "माझ्या बापानं पण असाच बघितलाय."

बापाच्या साक्षीला अहवालात रकाना नसतो, पण माझंही मत तेच झालं होतं.

खाली उतरून डबा उघडणार, तेवढ्यात वरच्या झाडीतून वानरांची टोळी गेली आणि ओसरीच्या टोकाला, लाकडी बाकड्याच्या हातभर पुढे, एक दगड आदळला. नारळाएवढा. आदळून उडाला तो पार पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन थांबला. उंची साधारण १२ मीटर. तिथून सुटलेला दगड खाली येईस्तोवर ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, हे मी गेली १४ वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेय. त्या दिवशी माझी पिशवी त्याच बाकड्यावर होती.

मामा दचकले नाहीत. त्यांनी तो दगड घमेल्यात टाकला आणि टाक्यामागे नेऊन ओतला. मी मागोमाग गेले. तिथे कमरेएवढा ढीग होता.

"हे काय?"

"रोजचा केर. सकाळी झाडताना मिळतात. पावसात जास्ती, पाऊस थांबून ऊन पडलं की लय."

कुड्याच्या लेण्यांत एका माळ्याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. झाडणाऱ्याचा लेख असता तर तो असाच ढिगाच्या रूपात असता. डबा तसाच ठेवून मी फतकल मारून बसले आणि दगड निवडायला लागले. ड्रोननं दोनशे फोटो काढले होते, पण या ढिगानं जे सांगितलं ते त्यांत दिसलं नव्हतं. बहुतेक दगड काळे, घट्ट बसाल्टचे, फुटलेल्या कडा ताज्या. आणि जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू लाल, बोटाला गेरूसारखी लागणारी.

आपला सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा असतो. पाण्यानं तो विरघळल्यासारखा झिजतो, वरचा काळा थर अधांतरी राहतो आणि आधीच असलेल्या उभ्या भेगांवरून एकेक तुकडा सुटतो. म्हणजे हे दगड शिळेचे नव्हतेच. ते लाल पट्ट्याच्या लगेच वरचे, तिसऱ्या खोलीच्या माथ्यावरचे. पुन्हा वर जाऊन तिथे हातोडी मारली. शिळेवर खणखणीत वाजलेली हातोडी इथे भद्द वाजली. आत पोकळ. एका भेगेत उंबराचं मूळ शिरलेलं, माझ्या मनगटाएवढं जाड.

बाकडं नेमकं त्याखालीच का? कारण दुपारी सावली तिथेच असते. शाळेच्या सहली तिथेच बसून जेवतात. सावलीसाठी शेड टाका म्हणावं तर प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनं संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. जाळी ठोकायची तर कोरीव दर्शनी भागाजवळ भोकं पाडावी लागणार. त्याची परवानगी, मग निविदा, मग पावसाळा. सुटे दगड दोरावरून हातानं उतरवणं, पट्ट्यावर येणारं पाणी वरच्या वर चर खणून वळवणं, मूळ न उपटता कापून मारणं, हे सगळं अहवालात लिहिलं. मूळ उपटलं तर दगडच घेऊन येतं.

बाकड्यासाठी मात्र थांबले नाही. मामांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि ते खालच्या आंब्याखाली नेऊन ठेवलं. खाली उतरताना मामा पुटपुटत होते, "इथं मुंग्या लय."

निघताना त्यांना सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि मार्कर दिला. महिन्याची एक गोणी, वर तारीख.

गेल्या जुलैत फोन आला. "मॅडम, या महिन्याची गोणी भरली. दुसरी लावू का ऑगस्टाचीच घेऊ?"