रविवारी होडीवर

आमची लाकडी होडी नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात असते, पैठणच्या वरच्या अंगाला. रविवारी जाळं टाकायचं नाही असं ह्यांनीच ठरवलं आणि सकाळी होडीवरच घेऊन आले. बरंच झालं. घरी थांबलं की पाहुणे टपकतात.

आमचा नांगर म्हणजे सासूबाईंचा फुटका पाटा, नायलॉनच्या दोराला बांधलेला. तळाच्या गाळात तो झकास रुततो. दोर मात्र सैल हवा. आखूड सोडला की लाटेसरशी होडी उचलते अन् पाटा घसरत येतो. दुपारी वारा सुटला की हा जलाशय तलावासारखा वागत नाही. ५५ किलोमीटर लांब पाणी, थट्टा आहे का!

बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाणे खाल्ले. समोर नारिंगी पक्ष्यांची जोडी उतरली.

"अहो, चक्रवाक बघा."

"बदकंच ती," हे टोपी तोंडावर ओढून म्हणाले. चूक नाही, पण असं बोलायचं असतं का?

सासऱ्यांचं शेत ह्याच पाण्याखाली आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९७६ ला उद्घाटन. "आपली विहीर बरोब्बर इथं होती," हे छातीठोकपणे सांगतात. गेल्या खेपेला जागा वेगळी होती.

निघताना पाटा वर ओढला तर मणभर चिखल. हे म्हणतात, लोखंडी नांगर घेऊ. मी म्हटलं, आधी घरात नवा मिक्सर.