डबा काय भावानं?

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, की लातूरच्या आत्याचा फोन येतो. परवाही आला. "झोपला नव्हतास ना?" हे ती अशा सुरात विचारते की 'झोपलो होतो' म्हणायची सोयच नसते. मग तब्येत, पाऊस, आणि लगेच, "तुमच्याकडं डबा काय भावानं?"

कसला डबा, असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. डबा म्हणजे तेलाचा. १५ किलोचा, पत्र्याचा, चौकोनी. जळगावचे मामा, लातूरची आत्या, रत्नागिरीची मावशी हे सगळे बाबांचे वार्ताहर. एसटीडीचे दर रात्री उतरत, म्हणून फोनही रात्रीच होत. आलेला भाव बाबा कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या खाड्यांना चिकटून बारीक अक्षरात टिपत. 'ज. गोडेतेल'. 'ला. करडई'. भाव कुठेही कितीही उतरो, डबा यायचा तो कोपऱ्यावरच्या दुकानातूनच. लातुरात स्वस्त आहे म्हणून एसटीच्या टपावर टाकून आणल्याचं मला तरी आठवत नाही. आई एकदाच म्हणाली, "फोनच्या बिलात एक डबा आला असता."

डबा फोडायचा मान बाबांचा. दुकानातला पोरगा सायकलवरून आणून ओट्याखाली ठेवून जायचा. बाबा स्क्रूड्रायव्हर आणि बत्ता घेऊन उकिडवे बसत. एका कोपऱ्यात मोठं भोक, समोरच्या कोपऱ्यात बारीक. बारीक भोक हवेसाठी. ते पाडलं नाही, तर तेल उचक्या देत पडतं आणि अर्धं बरणीबाहेर जातं. डबा संपला की त्याला विटेवर तिरपा करून रात्रभर ठेवायचं, खाली पितळी वाटी. सकाळी वाटीत जेमतेम एका फोडणीपुरतं तेल. तेही आई मोजून वापरायची. मग वरचा पत्रा कापून, कडी-झाकण बसवून त्याच डब्यात ज्वारी.

आता भाव टिपायचं खातं माझ्याकडे आहे. मोबाइलमध्ये तक्ता, प्रत्येक गावाला एक रकाना. बाबांच्या वेळी नसलेली एक भानगड मात्र वाढली आहे. काही डबे १५ किलोचे, काही १५ लिटरचे, आणि दिसायला दोन्ही सख्खे भाऊ. तेल पाण्याहून हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर. सव्वा किलोहून जास्त फरक, आणि म्हणे डबा स्वस्त! मामांना विचारतो, "किलो की लिटर?" उत्तर येतं, "सूर्यफूल."

आत्याचं दुखणं निराळं. "दारात सोयाबीन पिकतं आमच्या, आणि तेल तुमच्याच भावानं?" तिला सांगून पाहिलं की दाण्यात तेल १८-२० टक्के, बाकी पेंड. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे आपल्या डब्याचा भाव बंदरावर ठरतो. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि सूर्यफूल भडकलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती मे महिन्यात पुन्हा सुरू केली. तेवढे दिवस आत्या, वाड्यातल्या एखाद्या बिऱ्हाडकरूची चौकशी करावी तसं विचारायची, "तो इंडोनेशियावाला काय म्हणतोय?" भूगोल तिला पटला. सोयाबीन पडलं तरी डबा का उतरत नाही, हे मात्र पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

मध्यंतरी दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. कडेवर पोर. त्यांनी तेलाची सगळ्यात लहान पिशवी मागितली, सुटे पैसे मोजून दिले आणि गेल्या. सवयीने मी मनात किलोचा हिशेब मांडला. लातूर, जळगाव, रत्नागिरी, पुणे, तक्त्यातल्या कुठल्याही भावापेक्षा ते तेल महाग पडत होतं.

मोबाइल काढला. पण हा भाव कुठल्या गावाच्या रकान्यात टाकायचा?