लक्ष्मणफळ: अधूनमधून खा, रोज नको

लक्ष्मणफळ म्हणजे सीताफळाच्या कुळातलं सॉरसॉप. त्याच्या धोक्याबद्दल वाचलं की बरेच जण पानांचा काढा बंद करतात आणि गराचा रस मात्र रोज घेत राहतात. हिशेब नेमका उलटा आहे. या झाडात ॲनोनॅसिन नावाचं द्रव्य असतं. काढ्याच्या एका कपात ते साधारण १४० मायक्रोग्रॅम मोजलं गेलं, तर एका मध्यम फळात १५ मिलिग्रॅम. म्हणजे एक फळ शंभर कप काढ्याला भारी.

ॲनोनॅसिन पेशीतली ऊर्जा तयार होण्याची क्रियाच अडवतं. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, त्यावरून ‘कर्करोगावर रामबाण’ ही हूल उठली. माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो याला पुरावा नाही, आणि ऊर्जा तर मेंदूच्या पेशींनाही लागते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावर १९९९ मध्ये डॉक्टरांना कंपवातासारख्या आजाराचे असे बरेच रुग्ण आढळले, ज्यांना नेहमीच्या लेव्होडोपा गोळीने फारसा उतार पडत नव्हता. त्यांच्यात हे फळ आणि पानांचा काढा नेहमी घेणारे पुष्कळ होते. फळामुळेच आजार झाला हे सिद्ध झालेलं नाही. पण शुद्ध ॲनोनॅसिन शिरेतून दिलेल्या उंदरांच्या मेंदूला इजा झाली, आणि रोज एक फळ वर्षभर खाल्लं तर पोटात जाणारं एकूण प्रमाण त्या मात्रेच्या आसपास पोचतं, असा संशोधकांचा अंदाज आहे. ‘फळच तर आहे’ हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. कंपवाताच्या रुग्णाने ते टाळावंच.

परंपरेत पानं झोपेसाठी आणि तापात उकळून घेतात, गर जुलाबात देतात, बियांची पूड उवांवर लावतात. यातलं शेवटचं सगळ्यात घातक. पूड डोळ्यात गेली तर बुबुळाचा पुढचा पडदा सुजतो, डोळा लाल होऊन उघडवत नाही. अशा वेळी डोळा चोळू नका. वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

नावांचा घोळ आहे. काही ठिकाणी यालाच हनुमानफळ म्हणतात. ओळख सालीवरून पटवा: गडद हिरवी, वर मऊ, किंचित वाकलेले काटे. अंगठ्याने हलकं दाबल्यावर दबलं की पिकलं. फ्रिजमध्ये साल काळी पडते, तेवढ्यावरून फळ टाकू नका; आंबूस, दारूसारखा वास आला तर टाका.

साल आणि मधला दांडा काढून गर चाळणीवर हाताने दाबा, म्हणजे काळ्या बिया वर राहतात. घाईत अख्खा गर मिक्सरला लावला तर बिया फुटून विषारी अंश रसात उतरतो. तसा रस सरळ ओतून द्यावा. नीट गाळलेला गर कधीतरी वाटीभर खायला निरोगी माणसाला हरकत नाही. त्यात क जीवनसत्त्व आणि चोथा चांगला असतो.

कॅप्सूल आणि अल्कोहोलातले अर्क मी कुणालाच सुचवणार नाही. ॲनोनॅसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलात सहज उतरतं, त्यामुळे किती पोटात गेलं याचा पत्ताच लागत नाही. पानांमुळे रक्तदाब आणि साखर उतरल्याचं प्राण्यांत दिसलंय. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर काढ्याने भर पडून चक्कर, घाम, थरथर होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नका. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना काढा नकोच.